दोर कोणाच्या हातात आहे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तू ओट्यावर येऊन बसलास तेव्हा घर लेकीबाळींनी भरलेलं होतं. निंबाला झोका बांधलेला, गाणी चाललेली, आणि त्या गडबडीत तू हळूच विचारलंस, "नाना, गरुड कमांडो व्हायला काय लागतं?" मी म्हणालो, "सवडीनं सांगतो." तुझा चेहरा उतरला, तो मला दिसला. पण ज्या प्रश्नाला एका पोराचं सगळं आयुष्य टांगलेलं आहे, त्याचं उत्तर पंगतीत रस वाढता वाढता द्यायचं नसतं. म्हणून हे पत्र. लांब होईल. सावकाश वाच आणि आईलाही वाचून दाखव, कारण यातल्या काही ओळी तिच्यासाठी आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गावात काही जण मला कमांडो म्हणतात. मी कमांडो नव्हतो. 1983 साली भुसावळहून गाडीत बसलो, बेळगावजवळ सांबऱ्याला हवाई दलातल्या एअरमनचं शिक्षण झालं, आणि पुढे नोकरीची बहुतेक वर्षं हेलिकॉप्टरवर फ्लाइट गनर म्हणून गेली. शेवटची सगळी वर्षं एमआय-17 वर. सोप्या भाषेत सांगायचं तर मी दरवाजातला माणूस. हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबलं की पोटाखाली काय आहे ते पायलटला दिसत नाही. झाड किती जवळ आलं, शेपटी कड्याला लागतेय का, दोर जमिनीला टेकला का, हे सगळं दरवाजात आडवा पडलेला माणूस बघतो आणि कानातल्या यंत्रावर सांगत राहतो: फॉरवर्ड थ्री, राइट वन, स्टेडी. आणि त्याच्या शेजारून, त्याच्या खांद्याला खांदा घासून, माणसं दोरावरून खाली जातात. 2004 मध्ये हवाई दलाचं खास गरुड दल उभं राहिलं, तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी ही पोरं अशी खाली सोडली आणि वर घेतली. त्यांच्या शौर्याचा मी साक्षीदार आहे, एवढाच माझा अधिकार. त्या अधिकारानं लिहितो.

तू मला जी रील पाठवलीस ती मी तीनदा पाहिली. काळे चष्मे, बंदुका, खालून धूर, वर ढोल. त्यातलं काही खोटं नाही, पण त्यात काम दिसत नाही. एक माणूस दोरावरून सरसर खाली येतो, त्याला हवाई दलात स्लिदरिंग म्हणतात. पाठीवर 25-30 किलोचं ओझं, वरून पंख्याचा वारा असा की उभा माणूस वाकतो, खालची वाळू-खडे सुया टोचल्यासारखे अंगावर येतात, आणि जाड हातमोज्यातूनही तळव्याला चटका बसतो. हे सगळं रीलमध्ये अर्ध्या मिनिटात संपतं. दरवाजातून मला जे दिसायचं ते त्याच्या आधीचं होतं. उडी मारायच्या आधी प्रत्येक पोरगा एकदा दोराच्या गाठीकडे बघायचा आणि एकदा माझ्याकडे. डोळ्याला डोळा भिडायचा. मी मान हलवायचो. मग तो जायचा.

ती नजर मी नोकरीत पहिल्यांदा पाहिली नव्हती. ती मी आमच्या विहिरीवर पाहिली होती.

तुला आमची तापीकाठची जुनी विहीर माहीत आहे, केळीच्या मळ्यातली, आता तिच्यावर जाळी आहे ती. मी दहा-अकरा वर्षांचा असताना उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की फूटवॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेत, गाळ अडकायचा आणि मोटर पाणी उचलायची नाही. तो साफ करायला वडील स्वतः उतरायचे. आधी ते पेटता कंदील दोरीनं खाली सोडायचे. खाली जाऊन ज्योत तेवत राहिली तर उतरायचं, विझली तर त्या दिवशी नाही. विहिरीच्या तळाशी वाईट हवा साचते, ती दिसत नाही, तिचा वास येईलच असं नाही, आणि माणूस हाक मारायच्या आत बसतो. मग ते कमरेला दोर बांधायचे. कठड्यावर पाय रोवून मोठे काका, त्यांच्या मागे सालदार, आणि दोराचं शेवटचं टोक निंबाच्या बुंध्याला. वडील काठावर बसून एकदा गाठ बघायचे आणि एकदा काकांकडे. मी एकदा विचारलं, दादा, भ्या वाटत नाही का? ते म्हणाले, "दोर कोना हातमा शे ते देख, मंग उतर."

बाळा, कमांडो होण्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते जवळजवळ सगळं त्या एका वाक्यात आहे. बाकीचं पत्र त्याचाच विस्तार समज.

आता गरुड दलाचं काम नेमकं काय, ते सांगतो, कारण तू "सर्जिकल स्ट्राइक" एवढंच म्हणालास. विमान आकाशात असतं तेव्हा वाघ असतं. जमिनीवर उभं असतं तेव्हा ते पत्र्याचं असतं. चार माणसं रात्री कुंपणावरून आत आली तर सगळा तळ निकामी करतील. 1965 च्या युद्धात 6 सप्टेंबरच्या रात्री पाकिस्ताननं पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या आपल्या तीन हवाई तळांजवळ पॅराशूटच्या छत्रीनं कमांडो उतरवले होते. ते पांगले आणि त्यातले बरेचसे शेतांतून पकडले गेले. पकडणाऱ्यांत लाठ्या घेतलेले पंजाबचे गावकरी होते. पुढे 2001 मध्ये काश्मीरमधल्या तळांवर घुसण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा हवाई दलाला स्वतःचं खास दल हवं हे पक्कं ठरलं. त्यातून 2004 मध्ये गरुड आलं. ब्रीद ठेवलं "प्रहार से सुरक्षा". तळ राखणं, शत्रूच्या हद्दीत पडलेल्या वैमानिकाला शोधून आणणं, रडार आणि क्षेपणास्त्रांच्या ठाण्यांवर जाणं, आपल्या विमानांना लक्ष्य दाखवणं, आणि पूर, भूकंप, अपघातात लोकांना बाहेर काढणं. यातली दोन कामं नीट बघ. राखणं आणि आणणं. रीलवाल्यांना ती दिसत नाहीत. माझ्या मते तीच मुख्य आहेत.

नावातच ते आहे. गरुडाची गोष्ट तू कीर्तनात ऐकली असशील. आई विनता दास्यात पडली होती, तिला सोडवायला अमृत आणायचं होतं. देवांचा पहारा मोडून तो अमृताचा कुंभ घेऊन आला आणि वाटेत त्यातला एक थेंबही स्वतः प्याला नाही. लोक त्याचे पंख आणि त्याची झेप सांगतात. मला तो कुंभ तसाच भरलेला घेऊन येणारा गरुड मोठा वाटतो. दुसऱ्यासाठी गेला, दुसऱ्यासाठी आणलं.

2023 च्या एप्रिलमधलं सुदानचं काम बघ. खार्तूममध्ये लढाई पेटलेली, आपली माणसं अडकलेली. 27 तारखेच्या रात्री हवाई दलाचं सी-130जे विमान खार्तूमच्या उत्तरेला वाडी सैदना नावाच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. धावपट्टीवर दिवे नाहीत, उतरायला मदत करणारी यंत्रणा नाही, इंधन नाही. वैमानिकांनी रात्री दिसणारे चष्मे लावून विमान उतरवलं आणि इंजिनं चालूच ठेवली. मागचा दरवाजा उघडला आणि 8 गरुड बाहेर पडले. त्यांनी काय केलं? विमानाभोवती कडं केलं आणि 121 लोकांना आत घेतलं. त्यांत आजारी माणसं होती, एक गरोदर बाई होती. आणि त्यांनी लोकांचं सामान आत नेऊन बांधलं. जगातल्या कुठल्याही सैन्यात उभं राहील असं शिक्षण घेतलेली पोरं अंधारात, शत्रू कोण आणि मित्र कोण हे न कळणाऱ्या जागी, कुणाच्या तरी बॅगा उचलत होती. तुला ते कमी वाटत असेल तर हा रस्ता तुझा नाही. ते वाचून तुझा ऊर भरून आला असेल तर पुढे वाच.

बॅगेवरून मला 2013 आठवतं. उत्तराखंडात जूनमध्ये ढगफुटी झाली, केदारनाथ खोरं वाहून गेलं, तेव्हा आम्ही गौचरहून उडत होतो. पहिल्या दिवसांत हेलिकॉप्टर टेकायला जागाच नव्हती. आधी माणसं दोरानं उतरवायची, त्यांनी दगड हलवून, झुडपं तोडून जागा करायची, मग आम्ही टेकायचो. एका फेरीत एक म्हातारी होती, राजस्थानची असावी, लाल लुगड्यातली. तिच्याजवळ एक गाठोडं होतं आणि ती ते सोडेना. वजन मोजून न्यायचं असतं. उंचावर हवा विरळ, प्रत्येक किलोचा हिशोब. मी दरवाजातून हातानं खूण करत होतो की गाठोडं टाका. खाली उभा असलेला गरुड, विशी-बाविशीचा पोरगा, त्यानं तिच्याशी काहीतरी बोलून गाठोडं सोडवून पाहिलं, पुन्हा बांधलं, आणि स्वतःच्या पाठीवरची पिशवी काढून दगडावर ठेवली. मग म्हातारीला कडेवर घेतल्यासारखी उचलून गाठोड्यासकट माझ्या हातात दिली. तो स्वतः पुढच्या फेरीसाठी खालीच थांबला. गाठोड्यात काय होतं ते मला संध्याकाळी कळलं. तिच्या नवऱ्याचे कपडे आणि काठी. नवरा सापडला नव्हता.

त्या मोहिमेत हवाई दलानं 20 हजारांच्या आसपास माणसं बाहेर काढली. आणि 25 जूनला गौरीकुंडजवळ आमच्यासारखंच एक एमआय-17 व्ही-5 कोसळलं; त्यातले 20 जण गेले. हवाई दलाचे, आपत्तीत धावणाऱ्या एनडीआरएफचे, सीमा राखणाऱ्या आयटीबीपीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा उडालो. आदल्या रात्री कुणी फारसं बोललं नाही. डाळभात समोर होता आणि शेजारच्या ताटावर कुणी बसलं नव्हतं. धाडस कसं दिसतं हे कुणी मला विचारलं तर मला ती सकाळ दिसते. प्रत्येकानं आपापलं यंत्र नेहमीपेक्षा एकदा जास्त तपासलं आणि दरवाजा बंद केला.

आता माझी एक चूक सांगतो. ती तुझ्या आईबापांनाही मी कधी सांगितलेली नाही.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी, एका सरावात, सहा जणांची तुकडी दोरावरून उतरवायची होती. धूळ फार उठली होती. मी पाच मोजले आणि सहावाही गेला असं धरून चाललो. "ऑल क्लिअर" म्हणालो. पायलटनं माझ्या शब्दावर हेलिकॉप्टर वर उचललं. सहावा दोराच्या शेवटच्या दोन-अडीच मीटरवर होता. त्याला वाटलं दोर संपतोय, त्यानं हात सोडले, आणि त्याचा घोटा मोडला. वर उचलता उचलता मला धुळीतून त्याचा हिरवा ठिपका दिसला. तो क्षण अजून झोपेत येतो.

उतरल्यावर डीब्रीफिंग असतं. झालेल्या प्रत्येक गोष्टीची सगळ्यांसमोर उजळणी. तिथं धुळीवर बोट ठेवता आलं असतं, धूळ होतीच. मी उभा राहून म्हणालो, मोजणी माझी चुकली. एवढे तीन शब्द उच्चारायला मला जितकं बळ लागलं तितकं कुठल्याही कड्यावर लागलं नव्हतं. संध्याकाळी दवाखान्यात त्या पोराला भेटायला गेलो. पाय प्लास्टरमध्ये. तो म्हणाला, "सर, अगली बार गिनती ज़ोर से करना. हमें भी सुनाई दे." राग नाही, दिलासाही नाही. पुढच्या वेळेबद्दलच बोलला, म्हणजे पुढच्या वेळी माझ्याच दोरावरून उतरणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. त्यानंतर निवृत्तीच्या दिवसापर्यंत मी प्रत्येक माणूस ओरडून मोजला.

म्हणून तुला विचारतो. मागच्या पोळ्याला ट्रॅक्टरचा हूक तुटला, तेव्हा "मी नीट लावला नव्हता" असं तू म्हणालास का? मला माहीत आहे, चुलत भावावर गेलं. लहान गोष्ट आहे, मी ती तुला दुखवायला काढत नाही. पण दोरावरच्या माणसाला तुझा नेम किती चांगला आहे यापेक्षा हे आधी जाणून घ्यायचं असतं की तू चुकलास तर सांगशील की नाही.

देवघरची घटना तू टीव्हीवर पाहिली असशील, तेव्हा तू बारा-तेरा वर्षांचा होतास. झारखंडात त्रिकूट पर्वतावर रोपवे आहे. 10 एप्रिल 2022, रामनवमीचा दिवस, ट्रॉल्या एकमेकींवर आदळल्या आणि माणसं हवेत लटकून राहिली. रात्रभर, तहानलेली. दुसऱ्या दिवशी हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली. तिथली अडचण मी घरात बसून ओळखली. जवळ गेलं तर पंख्याच्या वाऱ्यानं ट्रॉली हेलकावे खाते, आणि मध्ये लोखंडी तारांचं जाळं. म्हणजे उंच थांबून लांब दोरावर गरुडाला सोडायचं. त्यानं झुलत झुलत ट्रॉली गाठायची, दार उघडायचं, आतल्या घाबरलेल्या माणसाला पट्टा बांधायचा, वर पाठवायचं, आणि दोर परत येईपर्यंत स्वतः त्या लोंबत्या डब्यात थांबायचं. दुसऱ्या दिवशी अंधार पडला तेव्हा काम थांबलं, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू झालं. बहुतेक सगळे वाचले. पण सुटकेच्या वेळी दोघं खाली पडली. त्यातला एक माणूस हेलिकॉप्टरच्या दरवाजापर्यंत पोचला होता. मी टीव्ही बंद केला आणि मळ्यात निघून गेलो. दरवाजातल्या त्या हातांची काय अवस्था झाली असेल ती मला माहीत आहे, आणि ते हात दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दरवाजात होते हेही मला माहीत आहे. बाळा, सगळे वाचत नाहीत. हे काम निवडताना हे माहीत असलं पाहिजे. जो गेला त्याचं ओझं घेऊन पुढच्या माणसासाठी दोर सोडता येतो का, याची परीक्षा कुठल्याच भरतीत होत नाही.

आता जे लिहायला मला जड जातं ते. 2017 मध्ये गरुडांच्या तुकड्या काश्मीरमध्ये लष्कराबरोबर काम करत होत्या. 11 ऑक्टोबरला बांदीपोरा जिल्ह्यात हाजिनला चकमक झाली आणि सार्जंट मिलिंद किशोर खैरनार आणि कॉर्पोरल नीलेशकुमार नयन हे दोन गरुड गेले. मिलिंद आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे. दोघांनाही मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं. आणि सव्वा महिन्यात, 18 नोव्हेंबरला, त्याच हाजिन भागात चंदरगीर गावी कॉर्पोरल ज्योती प्रकाश निराला लढले. बिहारच्या रोहतास जिल्ह्यातले. गोळ्या लागल्यावरही ते मशीनगन चालवत राहिले. त्या दिवशी सहा अतिरेकी मारले गेले. निराला परत आले नाहीत. 26 जानेवारी 2018 ला त्यांना अशोक चक्र मिळालं, गरुड दलातलं पहिलं.

तू त्या सहाचा आकडा लक्षात ठेवशील. मी तुला सव्वा महिन्याचं अंतर लक्षात ठेवायला सांगतो. आपले दोन भाऊ ज्या भागात पडले, त्याच भागात गरुड पुन्हा गेले.

आणि त्यापुढचंही. निराला बहिणींचे एकुलते एक भाऊ होते. 2019 च्या जूनमध्ये एका बहिणीचं लग्न झालं, तेव्हा दलातले सोबती गावी गेले. त्यांनी वर्गणी काढून लग्नाला हातभार लावला, आणि पाठवणीच्या वेळी तळहात जमिनीवर टेकवले. नवरी त्या हातांवर पाय ठेवून चालत गेली. दोर अजून त्यांनी सोडलेला नव्हता.

सूनबाई, आता तुझ्याशी. पोरगा हे वाचून दाखवत असेल तर इथं थोडं थांबू दे त्याला. तू परवा हौदावर भेटलीस तेव्हा म्हणालीस, "नाना, त्याले काही सांगा, पण जाय म्हनू नका." मी "जा" म्हणत नाही. "जाऊ नको" म्हणायचाही मला अधिकार नाही. तुझी भीती खरी आहे आणि ती कुणी लाजिरवाणी ठरवू नये. माझी आई मी गेल्यापासून दर कानबाईला एक नारळ जास्त ठेवायची, ते मला ती गेल्यावर कळलं. एवढंच सांगतो की त्याला अडवायचं असेल तर कारण सांगून अडव, रडून अडवू नको. आणि पाठवायचं असेल तर मनापासून पाठव. अर्धं मन घरी ठेवून गेलेला माणूस दोरावर जड होतो.

बाळा, आता तुझ्या तयारीचं. हे थोडक्यात सांगतो, कारण पळणं आणि दंड मारणं तुला कुणीही शिकवील. भरतीच्या चाचणीत 1.6 किलोमीटर 7 मिनिटांत पळायचं असतं, ते तू आत्ताही पळशील. पण ते केवळ दारात पाय ठेवण्यापुरतं. पुढे उत्तर प्रदेशात बागपतजवळ चांदीनगरला गरुडांचं केंद्र आहे, तिथलं पहिलं शिक्षणच बरंच लांब चालतं. त्यात अनेक जण गळतात. मग आग्र्याला छत्री, मिझोराममध्ये वैरेंगटेला जंगलातली लढाई, नौदलाकडे पाण्याखालचं काम. पुरता गरुड व्हायला तीनेक वर्षं जातात. म्हणजे आज ठरवून उद्या होण्यासारखं यात काही नाही. सध्या दारं अग्निवीरवायूची आहेत, चार वर्षांची, आणि त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे कायम घेतात. हा हिशोब घरात बसून स्वच्छ करा. नियम बदलत असतात, दर वेळी हवाई दलाची मूळ जाहिरात स्वतः वाच.

आणि दलालाच्या नादी लागू नका. शेजारच्या गावातल्या एका घरानं दोन बिघे विकून "सेटिंग"साठी पैसे दिले. पोरगा आज केळीच्या गाड्या भरतो आणि बापाच्या डोळ्याला डोळा देत नाही. भरतीला पैसे लागत नाहीत. जो मागेल तो चोर.

वैशाखात डांबरी रस्त्यावर पळू नको. नडगीचं हाड दुखायला लागतं आणि मग सहा महिने वाया जातात. मळ्याच्या बांधानं, मऊ मातीत, पहाटे पाचला पळ. जळगाव-भुसावळचं ऊन माणूस मारतं. आठनंतर सावलीत ये. त्या अकादमीतला पोरगा सुया आणि डबे विकतो असं ऐकलं. एकाला हात लावू नको. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, शेंगदाणे, मळ्यातली केळी आणि रात्रीची झोप, यावर आमची पिढी उभी राहिली. पोहायला शीक, पण एकट्यानं तापीत उतरू नको. हतनूरचं पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. अंगावर गोंदवून घेऊ नको, वैद्यकीय तपासणीत त्याचे कडक नियम आहेत. इंग्रजी आणि गणित सोडू नको. नकाशा, वारा, वजन, उंची, सगळा हिशोबच असतो. गणितात कच्चा असलेला कमांडो मी पाहिलेला नाही.

आणि रोज एक काम असं कर, जे कुणी बघत नाही. गोठ्यातला दिवा रात्री कोण तपासतं? आजीच्या गोळ्या वेळेवर कोण देतं? पठाणकोटच्या हवाई तळावर 2 जानेवारी 2016 च्या पहाटे गरुड दलाचे कॉर्पोरल गुरसेवक सिंग अतिरेक्यांच्या समोर गेले आणि तिथंच पडले. लग्नाला दीड महिनाही नीट झाला नव्हता. त्या पहाटेच्या आधी किती थंड रात्री त्या तळावर कुणीतरी जागत उभं राहिलं असेल, ज्यात काहीच घडलं नाही? राखणं म्हणजे त्या रात्री. ती सवय विशीत लागत नाही, आत्ता लागते.

समजा निवड झाली नाही. अनेकांची होत नाही, आणि कारण कधी कानातलं असतं, कधी डोळ्यातलं. त्यात कमीपणा काही नाही. मीही दरवाजातच राहिलो. खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या वर कुणीतरी असावं लागतं, यंत्र दुरुस्त करणारा, छत्री घडी करणारा, मोजणारा. त्या माणसांकडे बघूनच खालच्यानं हात सोडलेले असतात.

बाकी समोरासमोर बोलू. रोहिण्या लागल्या, पाऊस यायच्या आत विहिरीचा फूटवॉल साफ करायचा आहे. यंदा पाणी फार खाली गेलंय, मोटर नुसती घरघरते. येत्या रविवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत. कंदील मी आधीच भरून ठेवला आहे. दोराचं शेवटचं टोक निंबाला असेल आणि पुतण्या तुझ्या मागे उभा राहील. पण पुढचा हात तुझा. उतरणार मी आहे.

जाड हातमोजे घेऊन ये.

तुझा,
नाना